ऑडिओ सीडीची तंतोतंत प्रत: अ‍ॅक्युरेटरिपला आपली सीडी ठाऊकच नसते तेव्हा

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरातल्या शास्त्रीय संगीताच्या सीड्या संगणकावर उतरवायचं काम काढलंय. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह येत नाही, जुने ड्राइव्ह एकेक करून राम म्हणतायत, तेव्हा आत्ता झालं तर झालं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, वापरतोय. आंद्रे वीटहॉफ या जर्मन गृहस्थांचं हे फुकट सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे आणि विंडोजवर अजूनही या कामाला पहिलं नाव त्याचंच निघतं.

सीडी घातली, फायली ओढल्या, संपलं, असं वाटणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे छोट्या खणात, २३५२ बाइट असतात, त्यातले २०४८ आपल्या माहितीचे आणि उरलेले ओळख, तपासणी, दुरुस्ती यांसाठी. त्यामुळे फाइल बरोबर येते, नाहीतर संगणक सरळ हात वर करतो. ऑडिओ सीडीत मात्र २३५२ च्या २३५२ बाइट आवाजालाच दिलेत. सेकंदाला असे ७५ सेक्टर. दुरुस्तीची खालची एक पातळी तिथेही आहे, पण ती कमी पडली की ड्राइव्ह शेजारचे आवाजाचे नमुने बघून मधली जागा अंदाजाने भरतो आणि चकार शब्द काढत नाही. फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये रेड बुक, म्हणजे ऑडिओ सीडीचं मानक, ठरवलं तेव्हा डोळ्यांपुढे ऐकणारा होता, संगणकावर प्रत काढणारा नव्हता.

यावर उतारा म्हणजे लोकांनी मिळून भरलेला ऑनलाइन डेटाबेस, अ‍ॅक्युरेटरिप. तुमच्या प्रत्येक ट्रॅकची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम, इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या खुणांशी ताडून बघायची. दहा अनोळखी माणसांच्या दहा ड्राइव्हनी तेच उत्तर दिलं असेल तर वाद संपला. गाजलेल्या इंग्रजी अल्बमला लगेच हिरवा कंदील मिळतो. पण पुण्या-मुंबईच्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या मैफिलींच्या सीड्या घातल्या, की "डेटाबेसमध्ये नाही". अलूरकरांच्या सीड्या, देवस्थानांच्या आणि संगीत मंडळांच्या सीड्या, सगळीकडे हेच. ताडून बघायला दुसरं कुणी नाही. अशा वेळी प्रत बरोबर आहे याची खात्री तुम्ही कशी करता?

बोरिवली_स्लो

यूट्यूबवर सगळं आहे की हो. कशाला एवढा खटाटोप?

मंद्रसप्तक

सगळं नाहीये. आणि जे आहे त्यात तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर कोण याचा पत्ता नसतो. ती माहिती सीडीच्या आतल्या कागदावर असते. तोही स्कॅन करतोय.

वऱ्हाडी_ठेचा

माझ्याकडे "५१ अभंग एकाच सीडीत" छापाच्या बऱ्याच आहेत. ईएसीत घातल्या तर ट्रॅकच दिसत नाहीत. सीड्या खराब झाल्या का?

आठबिटी

ताई, त्या एमपी३ सीड्या आहेत. म्हणजे डेटा सीड्याच. एका ऑडिओ सीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात, एक्कावन्न अभंग कसे बसणार? त्या फायली उचलून सरळ कॉपी करा, ईएसीचं तिथे काही काम नाही. कॉपी निर्विघ्न झाली म्हणजे प्रत तंतोतंत आहे. आणि त्यांचं पुन्हा फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळता साठवणारा फाइल-प्रकार) करायच्या भानगडीत पडू नका, गेलेला आवाज परत येत नाही, फक्त डिस्क भरते.

आता धागाकर्त्यांना सविस्तर.

ईएसीच्या सुरक्षित पद्धतीत प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचला जातो. दोन्ही वेळा सारखा आला तर पुढे. वेगळा आला तर तोच सेक्टर सोळा वेळा वाचायचा आणि त्यात आठदा एकच उत्तर आलं तर ते धरायचं. नाही जमलं तर पुन्हा सोळा. दुरुस्तीचा दर्जा "उच्च" ठेवला तर असे पाच फेरे, म्हणजे एका सेक्टरला ८२ वाचनं. ओरखडे असलेली सीडी तासन्‌तास का चालते याचं उत्तर हे.

पण यात एक मेख आहे. बरेच ड्राइव्ह वाचलेला ऑडिओ आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतात. दुसऱ्यांदा विचारलं की सीडीकडे न बघता तिथूनच काढून देतात. मग दोन्ही वाचनं सारखी येणारच! म्हणून ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये "ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो" यावर खूण हवी. ती असली की ईएसी मध्येच दुसरीकडचा भाग वाचून कॅश रिकामी करवतो. वेग घटतो, घटू दे. सी२ त्रुटींची माहिती वापरायचा पर्याय मात्र मी बंद ठेवतो. ड्राइव्हने स्वतःच्या चुका स्वतः कबूल करायच्या, हा प्रकार प्रत्येक ड्राइव्ह प्रामाणिकपणे करत नाही.

यानंतर "टेस्ट अँड कॉपी". आधी पूर्ण ट्रॅक नुसता वाचून सीआरसी, म्हणजे एक प्रकारची बेरीज-खूण, काढायचा, मग पुन्हा वाचून फाइल करायची, आणि दोन्ही सीआरसी जुळतात का ते बघायचं.

बोरिवली_स्लो

मग टेस्ट आणि कॉपी जुळलं की झालं ना. डेटाबेस लागतोच कशाला?

आठबिटी

इथेच लोक फसतात. एकाच ड्राइव्हने तोच ओरखडा दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा त्याच जागी तोच अंदाज भरला, तर सीआरसी जुळतील आणि प्रत चुकीची असेल. एकाच साक्षीदाराची दोनदा घेतलेली साक्ष आहे ती. डेटाबेस नसेल तर दुसरा साक्षीदार आपणच उभा करायचा. वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या पिढीचा ड्राइव्ह घ्या, त्यावर तीच सीडी पुन्हा उतरवा. दोन निराळ्या ड्राइव्हनी एकाच जागी एकच चूक करण्याची शक्यता फार कमी. माझ्या लेखी अनोळखी सीडीसाठी हाच खरा निकष, बाकी सगळं त्याच्या खालोखाल.

अर्थात दोन्ही ड्राइव्हचा ऑफसेट आधी बरोबर लावलेला हवा, नाहीतर चांगल्या सीडीचेही सीआरसी कधीच जुळणार नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा

ऑफसेट म्हणजे? सोप्या भाषेत सांगा हं.

पेंग्विनपंत

मी सांगतो. ड्राइव्हला "अमुक जागेपासून वाच" म्हटलं की तो नेमका तिथून सुरू करत नाही. थोडा आधी किंवा थोडा नंतर करतो. हा फरक त्या मॉडेलला कायमचा चिकटलेला असतो आणि तो नमुन्यांत मोजतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे एका सेक्टरमध्ये ५८८. आजकालच्या पुष्कळ ड्राइव्हची दुरुस्ती +६ असते, काही जुन्यांची +६६७. ऐकताना शून्य फरक, पण सगळा ट्रॅक तेवढा सरकल्यामुळे सीआरसी पार बदलतो.

मॉडेलच्या नावावरून ऑफसेट सांगणारी यादी अ‍ॅक्युरेटरिपने तयार ठेवली आहे. तरी खात्री करायची तर डेटाबेसमध्ये हमखास असणारी एखादी गाजलेली सीडी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणा. ती एकदा जुळली की ड्राइव्ह नीट लागला असं समजायचं आणि मग आपल्या अनोळखी सीड्यांकडे वळायचं.

रच्याकने (जाता जाता), लिनक्सवाल्यांनी व्हिपर बघावं. मॉरिच्युरी नावाचा जुना प्रकल्प पुढे नेऊन केलेलं आहे, खाली सीडीपॅरानॉया या सीडी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचंच इंजिन. ऑफसेट शोधणं आणि कॅशची तपासणी दोन्ही आदेशावर होतं. मात्र दिसायला काही नाही, काळ्या खिडकीत टाइप करायचं.

एडिसनकर

मॅकवर एक्सएलडी. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह लावून इथल्या मंडळाच्या वाचनालयातल्या सीड्या उतरवल्या. अ‍ॅक्युरेटरिप, ऑफसेट, लॉग सगळं आहे त्यात. रागाच्या सीड्यांसाठी एक सूचना: विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असले तरी गाणं मध्ये थांबलेलं नसतं. एमपी३ केलं की त्या सांध्यावर बारीकशी खोट येते, कारण एमपी३च्या फायलीला मागेपुढे रिकामी भर पडते. फ्लॅकमध्ये हा प्रश्न नाही. सोबत क्यू शीट (ट्रॅक कुठे सुरू होतो याची नोंद असलेली छोटी फाइल) ठेवा म्हणजे मूळ सीडीवरच्या खुणा जशाच्या तशा राहतात.

बोरिवली_स्लो

३२० चा एमपी३ आणि फ्लॅक यातला फरक डोळे मिटून ओळखून दाखवा, वडापाव माझ्याकडून.

आठबिटी

मला नाही ओळखता येणार, वडापाव तुम्हीच खा. पण मुद्दा कानाचा नाहीये. उद्या फोनसाठी दुसरा कुठला प्रकार हवा झाला तर फ्लॅकवरून कितीही वेळा बनवता येतो, एमपी३वरून बनवला की दर वेळी काहीतरी गळतं. शिवाय फ्लॅकच्या फाइलमध्येच मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे आणखी एक बेरीज-खूण, साठवलेला असतो. दहा वर्षांनी हार्ड डिस्कवर ती फाइल सडली आहे का, हे तिलाच विचारता येतं. जागा साधारण मूळच्या निम्मी लागते, एकट्या गळ्याच्या आणि तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणाला तर बऱ्याचदा त्याहूनही कमी.

घासूनपुसून

सॉफ्टवेअरवर एवढी चर्चा चालू आहे आणि सीडी पुसायची कशी हे कुणी सांगितलंच नाही! गोल गोल फिरवून पुसू नका. मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती फडकं. आडवा ओरखडा आला तर माहिती विखरून ठेवलेली असल्यामुळे दुरुस्ती होऊन जाते. ट्रॅकच्या दिशेने गोल ओरखडा गेला तर सलग मोठा तुकडा जातो आणि दुरुस्ती हात टेकते.

दुसरं, सगळे जण चकाकत्या बाजूला जपतात. तिथे सव्वा मिलिमीटरच्या आसपास पॉलिकार्बोनेट आहे, ती बाजू बरंच सोसते. खरी नाजूक बाजू छापील नावाची. अ‍ॅल्युमिनियमचा थर त्याच्या लगेच खाली असतो, वर नुसतं लाखेचं पातळ आवरण. ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथली माहिती कायमची गेली, कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येणार नाही.

बोरिवली_स्लो

टूथपेस्टने घासतात ना?

घासूनपुसून

शेवटचा उपाय म्हणून, खालच्या बाजूला, आणि दुसरी प्रत मिळण्यासारखी असेल तरच. नावाच्या बाजूला चुकूनही नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मामांनी घरच्या मैफिली लिहिण्यायोग्य सीडीवर करून दिल्या होत्या, वर कागदी स्टिकर चिकटवलेलं. त्यांचं काय करू?

घासूनपुसून

त्या आधी उतरवा, बाकी कपाट नंतर! छापून आलेल्या सीडीत माहिती खड्ड्यांच्या रूपात दाबलेली असते, तुमच्या मामांच्या सीडीत ती रंगद्रव्याच्या थरावर आहे. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर हळूहळू उतरतो. स्टिकर ओढून काढायला जाऊ नका, खालचा थरच सोलून येईल. स्टिकर वाकडं बसलेलं असेल तर सीडी वेगात थरथरते, म्हणून वाचनाचा वेग कमी ठेवून बघा. अ‍ॅक्युरेटरिपचा तर इथे प्रश्नच नाही, जगात ती एकच प्रत. दोन ड्राइव्हची साक्ष हाच मार्ग. आणि ज्या ड्राइव्हवर नीट चालत नाही तिथे हट्ट करू नका. घरी जळवलेली सीडी एका ड्राइव्हला मुळीच पचत नाही आणि दुसरा ती मुकाट वाचतो, असं नेहमी होतं.

एडिसनकर

+१. आणि अशा सीडीत दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता असेल तर घाबरू नका. जळवताना एकेक ट्रॅक सुटा लिहिला की ती येते. ती प्रतीतली खोट नाही, सीडीवरच तसं आहे.

मंद्रसप्तक

आठबिटी आणि पेंग्विनपंत, दंडवत. तुमच्या पद्धतीने सुरुवात केली. पहिला ड्राइव्ह +६, दुसरा मित्राचा जुना, +६६७. दोन्ही एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या सीडीवर तपासून घेतले, जुळले. मग एक प्रत्यक्ष मैफिलीची सीडी लावली, डेटाबेसमध्ये नसलेली. पहिले चार ट्रॅक दोन्ही ड्राइव्हवर अगदी सारखे. पाचवा, म्हणजे शेवटचा, ट्रॅक मात्र जुळत नाही. गंमत म्हणजे दोन्ही ड्राइव्ह आपापल्या जागी टेस्ट आणि कॉपी सारखंच दाखवतात, एकही त्रुटी नाही. सीडीवर ओरखडा नाही. कोणावर विश्वास ठेवू?

पेंग्विनपंत

शेवटचाच ट्रॅक? मग मला वास येतोय. ईएसीच्या टूल्समध्ये दोन वेव्ह फायली ताडून बघायची सोय आहे, तिथे दोन्ही घाला. फरक नेमका कुठे आहे ते सांगा.

मंद्रसप्तक

अगदी शेवटी. बाकी पूर्ण ट्रॅक नमुन्या-नमुन्याने सारखा. शेवटचे काही शे नमुने वेगळे. एका फाइलमध्ये तिथे टाळ्यांची खरखर आहे, दुसऱ्यात निव्वळ शून्य.

पेंग्विनपंत

सापडलं. दोन्ही ड्राइव्ह निर्दोष.

ऑफसेट +६६७ म्हणजे प्रत्येक ट्रॅक वाचताना ६६७ नमुने पुढे जावं लागतं. मधल्या ट्रॅकला अडचण नाही, पुढच्या ट्रॅकमधून ते मिळतात. शेवटच्या ट्रॅकच्या पुढे मात्र सीडीचा समारोपाचा भाग, लीड-आउट, सुरू होतो, आणि बरेच ड्राइव्ह तिथे पाऊल टाकत नाहीत. मग जे नमुने मिळाले नाहीत त्या जागी ईएसी शून्यं भरतो. तुमच्या पहिल्या ड्राइव्हने सहाच नमुने गमावले, दुसऱ्याने ६६७. म्हणून ६६१ नमुन्यांचा फरक, म्हणजे सेकंदाचा सुमारे सत्तरावा भाग.

स्टुडिओतल्या अल्बमचा शेवट आधीच शून्यात विरलेला असतो, त्यामुळे तिथे भरलेलं शून्य आणि मूळचं शून्य एकच आणि ही भानगड दिसतच नाही. मैफिलीची सीडी टाळ्यांत किंवा टेपच्या सरसरीत कापलेली असते, म्हणून उघडी पडते. अ‍ॅक्युरेटरिप करणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांचा हिशेब सीडीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे जवळपास पाच-पाच सेक्टर धरतच नाही.

+६ वाल्या ड्राइव्हची प्रत ठेवा. हवं तर दोन्ही लॉग (उतरवतानाच्या नोंदी) सोबत ठेवा.

आठबिटी

झकास, पेंग्विनपंत. एक पुरवणी: मंद्रसप्तक, ईएसीमधून अ‍ॅक्युरेटरिपला निकाल पाठवायची सोय चालू करा, क्यूटूल्सच्या डेटाबेसलाही पाठवा. या दुसऱ्यात दुरुस्तीची जास्तीची माहितीसुद्धा साठवली जाते. उद्या कुणाच्या तशाच सीडीवर छोटा ओरखडा असला तर क्यूटूल्स तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून त्याची फाइल दुरुस्त करून देऊ शकतं. आपल्याकडच्या सीड्या डेटाबेसमध्ये नाहीत म्हणून आपण सगळेच रडतो, पण पाठवणारेही आपणच असणार ना. सांगलीतल्या माणसाने नाही पाठवायच्या तर कुणी पाठवायच्या?

आणि काही महिन्यांनी तीच सीडी पुन्हा लावून "जुळली, कॉन्फिडन्स १" असं आलं तर हुरळू नका. तो एक म्हणजे बहुधा तुम्हीच.

बोरिवली_स्लो

बरं, एवढं सगळं उतरवलंय तर एक गूगल ड्राइव्हची लिंक टाका की राव. आम्ही पण ऐकू.

संपादक मंडळ

प्रताधिकार असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या लिंका इथे मागू वा देऊ नयेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठीच्या उचित वापराला मुभा देतं, वाटपाला नाही. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतरची ६० वर्षं आहे, आणि त्यातल्या चालीचे, शब्दांचे हक्क निराळे मोजले जातात.

बोरिवली_स्लो

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करायला उशीर झाला. माफी असावी.

मंद्रसप्तक

निकाल दोन्हीकडे पाठवले. टॅगचं, म्हणजे फाइलमधल्या नाव-माहितीचं, काय करता? ट्रॅकची नावं पुरवणारं फ्रीडीबी तर २०२० मध्येच बंद पडलं.

एडिसनकर

म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-माहितीकोशात स्वतः भरतो, देवनागरीत. कलाकार, राग, ताल, साथीदार, सगळं. एकदा कष्ट पडतात, पुढच्या माणसाला आयतं मिळतं. फाइलच्या नावात मात्र राग आधी आणि बंदिशीचे बोल नंतर असं मी ठेवतो, शोधायला बरं पडतं. ट्रॅकला नुसतं "खयाल" आणि "भजन" म्हणून सोडू नका, तशा चाळीस फायली झाल्या की भैरवी कुठली ते देवालाच ठाऊक.

वऱ्हाडी_ठेचा

मामांच्या सीड्यांपैकी एक सोडून सगळ्या उतरल्या! राहिलेली भाच्याच्या ऑफिसातल्या ड्राइव्हवर लावून बघणार आहे. आता शेवटचा प्रश्न, रागावू नका. मराठी नाटकांच्या व्हीसीड्या पडल्या आहेत. कॉपी करताना मध्येच अडकतात.

आठबिटी

व्हीसीडीतल्या चित्राच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट मजकुराचे असतात आणि डेटा सीडीसारखी दुरुस्तीची जास्तीची पातळी नसते. पण विंडोज तिला फाइल समजूनच वागतं, म्हणून एक सेक्टर वाचता आला नाही की अख्खी कॉपी टाकून देतं. आयसोबस्टर या सॉफ्टवेअरने काढा. त्यात नुसते एमपीईजी चित्राचे सेक्टर गाळून घ्यायचा पर्याय आहे आणि न वाचलेला सेक्टर सोडून पुढेही जाता येतं. क्षणभर चित्र फाटेल, नाटक वाचेल. तपशील हवे असतील तर व्हीसीडीचा वेगळा धागा काढा ताई, मी तिथे येतो.